संत अंतोनीचें पादुवा नगर
(महोत्सवाच्या दुसऱ्या सायंकाळीं देवालयाच्या पटांगणांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव-समितीनें आम्हांस आज्ञा केली कीं, तुम्ही पादुवास जाऊन आलां आहां, तर तेथें काय पाहिलें तें चार शब्दांत सांगा. चार शब्दांत सांगण्याजोगें तें नगर नव्हे. तथापि ज्या संताच्या नांवानें आपलें हें देवालय उभें आहे, त्याच्या समाधीचें गांव आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं पाहिलें आहे. आणि ज्यांनीं पाहिलें त्यांनींहि बहुधा रोमच्या यात्रेंत मधला अर्धा दिवस काढून पाहिलें आहे. सकाळीं मोटारींतून उतरावें, समाधीस हात लावावा, दुकानांतून माळा व पदकें घ्यावीं आणि दुपारीं व्हेनिसला निघावें, असा तो क्रम असतो. आमचाहि बेत असाच होता. परंतु आमच्यापैकीं एका गृहस्थांचा पाय पायरीवरून घसरून मुरगळला, वैद्यानें विश्रांति सांगितली, आणि आम्हांस तेथें चार दिवस राहावें लागलें. त्या मुरगळलेल्या पायाचे आम्ही ऋणी आहों.

ऋणाचा शब्द निघालाच आहे, तर एक गोष्ट आधींच सांगून ठेवतों. येथून निघण्याच्या आदल्या रात्रीं आळींतील बरीच मंडळी घरीं येऊन गेली. कोणीं नवसाचे पैसे दिले, कोणीं चिठ्ठ्या दिल्या. एका वृद्ध बाईंनीं मात्र कांहींच दिलें नाहीं. त्यांस लिहितां येत नाहीं. त्या इतकेंच म्हणाल्या, "माझ्या नांवानें त्या दगडाला एकदां हात लावून या. कर्जाचें सांगूं नका, तो जाणतो." मुलीच्या लग्नासाठीं काढलेलें तें कर्ज आळींत सर्वांना ठाऊक होतें. कोणाकडून काढलें, दरमहा व्याज किती, हेंहि ठाऊक होतें. आणि ज्यांनीं तें दिलें ते गृहस्थहि आपल्याच देवालयांत दर रविवारीं गुडघे टेकतात. आम्हीं होय म्हटलें व निघालों. एका परगांवच्या दगडाशीं या कर्जाचा संबंध किती निकटचा आहे, हें त्या वेळीं आम्हांस मुळींच माहीत नव्हतें.

पादुवा, ज्यास तेथील लोक पादोव्हा म्हणतात, तें उत्तर इटलींत व्हेनिसच्या पश्चिमेस आहे. व्हेनिसहून आगगाडीनें अर्ध्या तासांत तेथें पोंचतां येतें. शहर सपाट असल्यामुळें पायीं फिरण्यास सोयीचें. जुन्या वस्तींत रस्त्यांच्या कडेनें घरांखालून कमानींच्या पडव्या गेल्या आहेत. ऊन असो कीं पाऊस, माणूस त्यांच्या आश्रयानें अर्धें शहर चालून जातो. आपल्याकडे जून महिन्यांत असली सोय असती तर किती बरें झालें असतें, असा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

तेथील लोक आपल्या गांवाविषयीं एक गमतीची म्हण सांगतात. पादुव्यांत म्हणे नांवावांचून संत आहे, गवतावांचून कुरण आहे, आणि दारांवांचून कॉफीगृह आहे. कॉफीगृहाचें आधीं सांगून टाकतों. पेद्रोक्की नांवाचें हें कॉफीगृह १८३१ सालीं उघडलें आणि १९१६ पर्यंत रात्रंदिवस कधींच बंद होत नसे, म्हणून तें दारांवांचून. त्याच्या हिरव्या दालनांत कांहींहि न मागवितां बसण्याची मुभा आहे, आणि गरीब विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या तेथें अभ्यास करीत आले आहेत. फेब्रुवारी १८४८ मध्यें ऑस्ट्रियन सैन्याशीं विद्यार्थ्यांची चकमक झाली, त्या वेळच्या गोळीची खूण पांढऱ्या दालनाच्या भिंतीवर अजून दाखवितात. गवतावांचून कुरण म्हणजे प्रातो देल्ला व्हाल्ले हें विशाल पटांगण. त्याकडे आपण मागाहून वळूं. आणि नांवावांचून संत तो आपला संत. पादुव्यांत कोणी 'संत अंतोनीचें देवालय' असें म्हणत नाहीं. नुसतें 'इल सान्तो' म्हटलें, म्हणजे 'तो संत', कीं लहान पोरहि बोट करून वाट दाखवितें. सांगावयाचें नवल हें कीं, हा संत मुळीं पादुव्याचा नव्हेच.

त्याचा जन्म ११९५ च्या सुमारास लिस्बन शहरीं झाला. बाप्तिस्म्याचें नांव फेर्नांदो. प्रथम तो अगस्तिनियन मठांत होता. १२२० सालीं मोरोक्कोंत धर्मासाठीं प्राण दिलेल्या पांच फ्रान्सिस्कन साधूंचे देह पोर्तुगालांत आणले गेले, ते पाहून त्याचें मन पेटलें आणि त्यानें फ्रान्सिस्कन झगा व अंतोनी हें नांव घेतलें. आपणहि मोरोक्कोंत जाऊन रक्तसाक्षी व्हावें, या हेतूनें तो निघाला. परंतु आजारी पडून परत फिरला, आणि वादळानें त्याचें गलबत सिसिलीच्या किनाऱ्यास नेलें. अशा रीतीनें तो इटलीचा झाला. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचें राज्य होतें, आणि त्यांच्या गलबतांतून त्यांचा हा संत आपल्याहि किनाऱ्यास लागला. वसईच्या किल्ल्यांत फ्रान्सिस्कन साधूंच्या देवालयाचे भग्न अवशेष आजहि उभे आहेत; तें देवालय संत अंतोनीच्याच नांवाचें. नागासाकी येथें १५९७ सालीं क्रुसावर प्राण देणारा आपला वसईचा संत गोन्सालो गार्सिया हाहि फ्रान्सिस्कनच. तेव्हां आपल्या प्रत्येक आळींत एखादा आंतोन निघतोच, यांत आश्चर्य तें काय?

पादुव्यांत तो अगदीं थोडा काळ राहिला. १२३१ च्या उपवासकाळांत त्यानें तेथें रोज प्रवचन केलें. देवालयें अपुरीं पडूं लागलीं, तेव्हां लोक मोकळ्या मैदानांत जमूं लागले. त्या श्रमानें त्याची प्रकृति ढासळली, आणि त्याच वर्षीं १३ जून रोजीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास, शहराच्या वेशीबाहेर आर्चेल्ला येथें त्याचा अंत झाला. एक वर्षहि पुरें झालें नव्हतें, तोंच ३० मे १२३२ रोजीं पोप नववे ग्रेगरी यांनीं त्याला संतपद दिलें. आणि १९४६ सालीं पोप बारावे पायस यांनीं त्याची गणना ख्रिस्तसभेच्या आचार्यांत केली. हरवलेल्या किल्ल्या शोधून देणारा म्हणून आपण त्याला ओळखतों, त्यांत वावगें कांहीं नाहीं; पण तो मुळांत किल्ल्या शोधणारा नव्हे, तर प्रवचनकार होता. आणि तो ज्या विषयावर अधिकांत अधिक कडक बोलत असे, त्यांपैकीं एक विषय म्हणजे व्याजबट्टा.

त्याचें देवालय १२३२ सालींच बांधावयास घेतलें. आठ घुमट आणि दोन सडपातळ मनोरे यांमुळें दुरून तें एखाद्या पूर्वेकडील नगराप्रमाणें दिसतें. १९२९ च्या लातेरान कराराप्रमाणें तें रोमच्या धर्मपीठाच्या मालकीचें आहे. आंत शिरल्यावर डाव्या अंगास समाधीची कपेल आहे. समाधीच्या मागच्या बाजूस जाऊन भक्त तिच्या शिळेवर तळहात ठेवतात आणि कांहीं क्षण डोळे मिटून उभे राहतात. आजारी मुलांचीं, वांचलेल्या माणसांचीं, जन्मलेल्या बाळांचीं छायाचित्रें तेथें लावलेलीं असतात. पहिल्या दिवशीं फार गर्दी होती. मागचे लोक ढकलीत होते, आम्ही गोंधळलों, हात टेंकला न टेंकला तोंच पुढें सरकावें लागलें. त्या बाईंचें नांव उच्चारावयाचें राहूनच गेलें.

कपेलीच्या भिंतींवर संताच्या चमत्कारांचीं संगमरवरांत कोरलेलीं नऊ मोठीं शिल्पें आहेत. घाईच्या यात्रेकरूस तीं दिसत नाहींत, कारण त्याची दृष्टि समाधीवर असते. पैकीं एक तुल्लिओ लोंबार्दो या शिल्पकाराचें आहे, त्यापुढें आम्ही पुष्कळ वेळ उभे होतों. कथा अशी कीं, एका श्रीमंत सावकाराच्या प्रेतयात्रेच्या वेळीं संत पुढें झाला आणि म्हणाला, या मनुष्याच्या छातींत हृदय नाहीं. तें त्याच्या पेटींत पाहा. प्रेत उघडून पाहतां छाती रिकामी निघाली, आणि हृदय तिजोरींत नाण्यांमध्यें पडलेलें सांपडलें. हीच कथा दोनातेल्लोनें मुख्य वेदीवरील कांस्य शिल्पांतहि घडविली आहे. १४४६ ते १४५० या काळांत केलेली ही वेदी व तिच्यावरील मूर्ति पाहण्यासाठीं कलेचे जाणकार जगभरांतून येतात. बाहेर चौकांत गात्तामेलाता या सेनापतीचा अश्वारूढ पुतळा आहे, तोहि त्याच शिल्पकाराच्या हातचा.

वेदीच्या मागें अवशेषांची कपेल आहे, तेथें संताची जीभ ठेवली आहे. १२६३ सालीं त्याचा देह नव्या देवालयांत हलविला, त्या वेळीं संत बोनाव्हेंतूर हजर होते. देहाची माती झाली होती, पण जीभ तशीच आढळली. ती पाहून आमच्या सोबतच्या एका तरुणानें हळूच विचारलें कीं, माणसाची जीभ अशी कांचेंत ठेवणें योग्य काय? आम्हांस त्याचें उत्तर त्या क्षणीं देतां आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दिलें, आणि तें एका सरकारी इमारतींत.

शहराच्या मध्यभागीं पालात्झो देल्ला राजोने, म्हणजे न्यायमंदिर, नांवाची अवाढव्य इमारत आहे. तिचें बांधकाम १२१८ सालीं सुरू झालें, आणि चौदाव्या शतकाच्या आरंभीं फ्रा जोव्हान्नी नांवाच्या एका साधूनें तिच्यावर जहाज उपडें घालावें तसें लांकडी छप्पर चढविलें. वरच्या मजल्यावर सबंध एकच दालन आहे: सुमारें ८१ मीटर लांब, २७ मीटर रुंद, आणि मध्यें एकहि खांब नाहीं. भिंतींवर महिने, राशी, ग्रह व माणसांचे धंदे यांचीं शेंकडों चित्रें आहेत. मूळचीं चित्रें जोत्तोचीं होतीं. तीं १४२० च्या आगींत गेलीं. एका टोंकास लांकडाचा प्रचंड घोडा उभा आहे, तो १४६६ सालच्या उत्सवासाठीं केलेला. सर्व मुलें त्या घोड्याकडे धांवतात, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि प्रथम तिकडेच गेलों. परंतु एका कोपऱ्यांत बुटका काळा दगड आहे. त्याला तेथें अपमानाचा दगड म्हणतात.

पूर्वीं ज्याला कर्ज फेडतां येत नसे त्याला तुरुंगांत टाकीत, आणि जामीन राहिलेल्यालाहि टाकीत. पैसे नसल्यामुळें तुरुंग आणि तुरुंगामुळें कमाई नाहीं, अशा फेऱ्यांत माणूस तेथेंच मरे. १५ मार्च १२३१ रोजीं, म्हणजे संताच्या त्या शेवटच्या उपवासकाळांतच, पादुव्याच्या नगरसभेनें कायदा केला कीं, ऋणको आपली मालमत्ता सोडून देईल तर त्याला किंवा त्याच्या जामिनाला तुरुंगांत ठेवूं नये. त्या कायद्याच्या मजकुरांतच लिहिलें आहे कीं, हा अंतोनी या साधूच्या विनंतीवरून केला. पुढें जी रीति पडली ती अशी: दिवाळखोरानें अंगांत नुसता सदरा व चड्डी ठेवून लोकांसमक्ष या काळ्या दगडावर तीन वेळां बसावें, 'चेदो बोनिस', म्हणजे 'माझी मालमत्ता मी सोडतों', असें म्हणावें, आणि शहर सोडून जावें. इटलियन भाषेंत कफल्लक झालेल्या माणसाविषयीं तो नुसत्या चड्डीवर राहिला, अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. त्याचें मूळ पुष्कळ जण या दगडांत शोधतात.

यांत दया कसली, असें कोणी विचारील. चारचौघांत उघडें करून हांकलून देणें ही दया काय? आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. पण मग असा विचार आला कीं, त्या दगडावरून उठून वेशीबाहेर पडलेला माणूस दुसऱ्या गांवीं जाऊन मजुरी करूं शके, बायकापोरांना बोलावून घेऊं शके, आणि त्याचें कर्ज त्याच्या मागें येत नसे. आपल्याकडे माणूस घरांतच असतो, अंगभर कपड्यांत असतो, आणि कर्ज नातवापर्यंत चालतें. दोहोंत बरें कोणतें, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. त्या तरुणाला मात्र आम्हीं म्हटलें, "काल पाहिलीस ती जीभ या कायद्यासाठीं बोलली होती. म्हणून लोकांनीं ती जपून ठेवली." आतां सभेंत थोडी शांतता पसरलेली दिसते. आम्ही पादुव्याविषयींच बोलत आहों.

तेथील फ्रान्सिस्कन साधु नुसत्या कायद्यावर थांबले नाहींत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या खटपटीनें गरिबांना गहाणावर अल्प व्याजानें पैसे देणारी पेढी तेथें निघाली. कॅथीड्रलच्या चौकांत तिची इमारत अजून आहे. आपल्या वसईंतहि १९१८ सालीं कॅथलिकांची सहकारी पतपेढी निघाली, हें येथील वडील मंडळींस सांगावयास नको.

न्यायमंदिराच्या खालीं व दोन्ही बाजूंच्या चौकांत बाजार भरतो. एका अंगास भाजी, दुसऱ्या अंगास फळें, आणि कमानींखालीं मांस, मासळी व चीज. सायंकाळीं एका गाडीवर उकडलेले छोटे ऑक्टोपस कापून, तेल व लिंबू लावून देतात. आमच्यांतील एका बाईंनीं चाखून पाहिले आणि मत दिलें कीं, आपल्या माकुळाच्या कालवणाची सर याला नाहीं. त्या मताशीं आम्ही सहमत आहों.

आतां त्या दुसऱ्या सावकाराची गोष्ट. पादुव्यांत रेजिनाल्दो स्क्रोव्हेन्यी नांवाचा एक गृहस्थ होता. व्याजाच्या पैशासाठीं तो इतका कुप्रसिद्ध होता कीं, महाकवि दांतेनें आपल्या काव्यांत त्याला नरकांत बसविलें आहे. त्याचा मुलगा एन्रिको यानें १३०० सालीं जुन्या रोमन रंगभूमीची जागा विकत घेऊन तेथें दयामाता मरियेच्या नांवानें एक लहानशी कपेल बांधली, आणि तींत चित्रें काढण्यासाठीं जोत्तो यास बोलाविलें. बापाच्या पापाचें प्रायश्चित्त म्हणून त्यानें हें केलें, असें पुष्कळ जण म्हणतात. घराण्याची कीर्ति वाढावी हाहि हेतु असेल. २५ मार्च १३०५ रोजीं, देवदूतानें मरियेस संदेश दिला त्या सणास, कपेलीचें अर्पण झालें. ती सुमारें २१ मीटर लांब व साडेआठ मीटर रुंद आहे. आपलें हें देवालय तिच्याहून मोठें आहे. आणि तरी जगांतील चित्रकलेनें जेथें नवें वळण घेतलें अशा स्थळांत तिची गणना होते.

येथें आमची फजिती झाली ती सांगतों, म्हणजे पुढें जाणारे सावध राहतील. या कपेलींत मनांत येईल तेव्हां जातां येत नाहीं. श्वासोच्छ्‌वासाच्या दमटपणानें चित्रें बिघडतात, म्हणून एका वेळीं सुमारें पंचवीस माणसें घेतात. त्यांना आधीं कांचेच्या खोलींत पंधरा मिनिटें बसवून आंतली हवा स्थिर करतात, मग कपेलींत पंधरा मिनिटें मिळतात. तिकीट आगाऊ काढावें लागतें आणि नेमलेल्या वेळेच्या आधीं हजर राहावें लागतें. आम्हीं तिकिटें काढलीं होतीं, पण आपल्या संवयीप्रमाणें 'पांच मिनिटांनीं काय होतें' असें म्हणत पोंचलों, तों कांचेचें दार लागलें होतें. गयावया केली, त्याचा उपयोग झाला नाहीं. चूक सर्वस्वी आमची. दुसरे दिवशीं पुन्हां पैसे भरून गेलों आणि अर्धा तास आधीं जाऊन बसलों.

पंधरा मिनिटें फार थोडीं वाटतात. पण काय पाहावयाचें हें ठरवून गेल्यास तीं पुरतात. वर गर्द निळें आकाश व सोनेरी तारे. भिंतींवर तीन ओळींत योआकिम व अन्ना यांच्यापासून पवित्र आत्म्याच्या आगमनापर्यंतची कथा. वृद्ध योआकिम व अन्ना सुवर्णद्वारापाशीं एकमेकांस भेटतात, तें चित्र पाहून आमच्यांतील एका जोडप्याचे डोळे भरून आले. त्यांसहि उशिरा मूल झालें होतें. क्रुसावरून उतरविलेल्या प्रभूचें मस्तक मातेनें कवटाळलें आहे, आणि वर आकाशांत देवदूत पक्ष्यांप्रमाणें विव्हळत आहेत. तेथें कोणी कांहीं बोललें नाहीं.

आम्ही शोधीत होतों तें मात्र निराळें होतें. वेदीच्या कमानीच्या डाव्या बाजूस यहूदा पैशाची थैली हातांत घेऊन उभा आहे. खालच्या ओळींत सद्गुण व दुर्गुण यांच्या मूर्ति रंगविल्या आहेत. त्यांत प्रीति थैल्या पायांखालीं तुडवून उभी आहे, आणि समोर मत्सराच्या मुखांतून निघालेला साप त्याच्याच डोळ्यांस डसतो आहे. प्रवेशद्वाराच्या भिंतीवर अंतिम न्यायाचें चित्र आहे. तेथें नरकांत कांहीं माणसें आपल्याच थैल्यांच्या दोऱ्यांनीं फांसावर लोंबत आहेत. आणि त्याच भिंतीवर एन्रिको गुडघे टेंकून कपेलीची प्रतिकृति मरियेस अर्पण करतो आहे. ज्या पैशानें चित्रकाराची मजुरी दिली, त्याच पैशाला चित्रकारानें नरकांत टांगलें, आणि धन्यानें तें पुसावयास सांगितलें नाहीं. एन्रिकोविषयीं लोक काय वाटेल तें म्हणोत. या एका गोष्टीसाठीं आमच्या मनांत त्याच्याविषयीं आदर आहे.

शेजारींच एरेमितानी साधूंचें देवालय आहे. ११ मार्च १९४४ रोजीं त्यावर बॉम्ब पडले आणि मांतेन्याचीं भित्तिचित्रें चुरा होऊन गेलीं. सांपडलेले तुकडे जोडून आज भिंतीवर बसविले आहेत. मधल्या जागा रिकाम्याच. जोत्तोची कपेल तेथून हांकेच्या अंतरावर असून वांचली.

पादुव्याचें विद्यापीठ १२२२ सालचें. गॅलिलिओ तेथें १५९२ पासून १६१० पर्यंत शिकवीत होता. १५९५ सालीं बांधलेली शरीरशास्त्राची लांकडी रंगशाळा अजून दाखवितात. आमच्या सोबतच्या मुलींस मात्र जिन्यापाशीं असलेला एलेना कोर्नारो पिस्कोपिया हिचा पुतळा अधिक आवडला. २५ जून १६७८ रोजीं तिला तत्त्वज्ञानाची डॉक्टर ही पदवी मिळाली, आणि अशी पदवी घेणारी जगांतील पहिली स्त्री म्हणून तिची ख्याति आहे. तिला खरें म्हणजे ईश्वरज्ञानशास्त्राची पदवी हवी होती. स्त्रीस ती देणें योग्य नव्हे, असें म्हणून पादुव्याच्या महागुरूंनीं नकार दिला. ते महागुरु ग्रेगोरिओ बार्बारिगो हे पुढें १९६० सालीं संत म्हणून घोषित झाले. संतांचा प्रत्येक निर्णय अनुकरणीय असतोच असें नाहीं, एवढेंच आम्हीं त्या मुलींस सांगितलें.

बागाइतदार बंधूंनीं तेथील वनस्पतिउद्यान चुकवूं नये. तें १५४५ सालीं औषधी झाडांसाठीं लावलें, आणि आपल्या मूळ जागींच टिकून राहिलेलें तें जगांतील सर्वांत जुनें विद्यापीठीय उद्यान आहे. वर्तुळाकार भिंतीच्या आंत १५८५ सालीं लावलेलें एक ताडाच्या जातीचें झाड अजून जिवंत आहे. जर्मन कवि गटे यानें तें १७८६ सालीं पाहिलें, म्हणून त्याला गटेचा ताड म्हणतात. आपल्याकडे ज्या हवेंत परसांतलीं झाडें आपोआप वाढतात, ती हवा तेथें कांचेच्या मोठ्या घरांत यंत्रांनीं निर्माण करतात. पैसे देऊन ती ऊब घेतांना आम्हांस घरची आठवण झाली.

तेथून जवळच तें गवतावांचूनचें कुरण. आज त्यांत गवत आहे, म्हणीपुरतेंच नाहीं. मध्यें कालव्यानें वेढलेलें लंबगोल बेट, आणि कालव्याच्या दोन्ही कांठांवर थोर पुरुषांचे ७८ पुतळे. एका कडेस संत युस्तिना या रक्तसाक्षी कुमारिकेचें प्रचंड देवालय आहे. तिच्या सणाच्या दिवशींच, ७ ऑक्टोबर १५७१ रोजीं, लेपांतोची लढाई झाली. तोच आपला जपमाळेच्या राणीचा सण. परंपरेप्रमाणें शुभवर्तमानकार संत लूक याचें थडगेंहि याच देवालयांत आहे. तेथें गर्दी नव्हती, म्हणून आम्हीं पूर्ण जपमाळ म्हटली.

आणि संत लेओपोल्द यांचें नांव घेतल्यावांचून पादुव्याची गोष्ट पुरी होत नाहीं. हे कपुचिन साधु १८६६ सालीं आद्रियातिक समुद्राच्या पलीकडील किनाऱ्यावर जन्मले. उंची अवघी १ मीटर ३५ सेंटीमीटर, बोलण्यांत तोतरेपणा, प्रकृति अशक्त. प्रवचनें करतां येत नसत. तेव्हां त्यांनीं पादुव्यांत एका लहानशा खोलींत बसून तीस वर्षांहून अधिक काळ पापनिवेदन ऐकलें, कित्येकदां दिवसाकांठीं दहा-बारा तास. ते फार सौम्य आहेत, फार लवकर क्षमा देतात, अशी त्यांच्यावर टीका होई. ३० जुलै १९४२ रोजीं ते वारले आणि १९८३ सालीं संत झाले. देवालयावर बॉम्ब पडतील पण ही खोली राहील, असें त्यांनीं सांगून ठेवलें होतें. १४ मे १९४४ रोजीं देवालय कोसळलें आणि ती खोली राहिली. एक खुर्ची, एक क्रूस, गुडघे टेंकण्याची एक फळी, एवढेंच तींत आहे. ज्यांस मोठ्या देवालयाच्या गर्दींत प्रार्थना करणें जमत नाहीं, त्यांनीं येथें यावें. आमच्यांतील दोघांनीं तेथें कैक वर्षांनीं पापनिवेदन केलें. भाषेची अडचण पडली नाहीं काय, असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, पडली, पण फादरांनीं चालवून घेतलें.

ज्यांस सणास जावयाचें असेल त्यांनीं १३ जून धरावा. त्या दिवशीं संताची मिरवणूक निघते. परंतु उन्हाळा कडक, राहण्याची जागा मिळणें कठीण, आणि समाधीपाशीं दोन-दोन तास रांग. शांतपणें पाहावयाचें असल्यास ऑक्टोबर महिना बरा. खांदे व गुडघे झांकलेले असावेत. दुपारीं कांहीं देवालयें बंद असतात, तें वेळापत्रक आधीं पाहून ठेवावें.

शेवटच्या सायंकाळीं, देवालय बंद होण्याच्या थोडें आधीं, आम्ही पुन्हां समाधीपाशीं गेलों. चार-पांचच माणसें होतीं. पुढें एक वृद्ध इटलियन बाई शिळेवर कपाळ टेंकून उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्यावर आम्हीं हात ठेवला आणि आपल्या आळींतल्या त्या बाईंचें नांव मराठींत, स्पष्टपणें घेतलें. कर्जाचें सांगितलें नाहीं. त्यांची तशी सूचना होती. मग सगळ्या चिठ्ठ्या तेथें ठेवल्या.

परत आल्यावर दुसरे दिवशीं सकाळीं त्यांच्या घरीं गेलों. काळ्या दगडाची व त्या कायद्याची हकीकत सांगितली, ती त्यांनीं शांतपणें ऐकून घेतली. तें कर्ज अजून फिटलेलें नाहीं. त्यांनीं विचारलें तें एवढेंच कीं, समाधीचा दगड गार होता कीं ऊन. गार होता, असें आम्हीं सांगितलें.